वरची ओळ, मूळ चाल

टेक १

लाल दिवा लागला. नीलनं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, तीन ढांगांत परत येऊन उभा बास कवेत घेतला आणि मान हलवली. बँजो सुरू झाला, मग गिटार, मग ईराचं मँडोलिन. वाजवण्याचा पहिला फेरा संपला आणि जयंतीबाईंनी तोंड उघडलं.

पहिल्या ओळीच्या तिसऱ्याच शब्दावर त्या आणि त्यांची मुलगी ईरा एकाच सुरावर येऊन धडकल्या.

"थांबा," जयंतीबाई म्हणाल्या. "मी चुकले."

लाल दिवा विझला.

टेक १ च्या आधी

ही चूक कुठून आली ते कळायला थोडं मागं जावं लागेल. फार नाही, तेहतीस वर्षं.

हेमचंद्र सबनीस १९७० साली टेलिफोनचे इंजिनीयर म्हणून ऑटावाला आले. शेजारी डेल्बर्ट नावाचा टपाल वाटणारा गृहस्थ राहायचा. बर्फ शोव्हल करून झालं की तो गराजमध्ये बँजो घेऊन बसे. हेमचंद्रांनी तो आधी कुंपणावरून ऐकला, मग गराजच्या दारातून, मग आत स्टुलावर बसून. दोन हिवाळे गेले आणि त्यांनी स्वतःचा बँजो घेतला. पुढं घरातल्या कुणालाच मोकळं ठेवलं नाही. बायकोच्या, म्हणजे जयंतीबाईंच्या, गळ्यात गिटार, आठ वर्षांच्या ईराच्या गळ्यात मँडोलिन आणि अकरा वर्षांच्या नीलच्या हातात त्याच्यापेक्षा उंच बास. १९८४ साली झाला तो सबनीस फॅमिली बँड.

डेल्बर्ट वाजवायचा ते ब्लूग्रास. हे तसं शेतकऱ्या-लाकूडतोड्यांचं गाणं. ड्रम नाही, तारा सगळ्या हातानं छेडायच्या, मधोमध एकच माइक आणि भोवती सगळे जण खांद्याला खांदा लावून. ज्याची पाळी त्यानं पुढं सरकायचं, झालं की मागं. ऑटावा व्हॅलीतल्या जत्रा, चर्चमधली जेवणं, उन्हाळ्यातले मेळे. पहिल्या वर्षी लोक ह्यांना बघायला आले. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुणी बघेनासं झालं आणि ऐकायला लागलं, तेव्हा हेमचंद्रांनी घरी श्रीखंड करायला सांगितलं होतं.

अडचण एकच होती, आणि ती जयंतीबाईंच्या गळ्याची.

ह्या गाण्यात दोन गळे दोन वाटांनी जातात. एक जण मूळ चाल गातो. दुसरा त्याच वेळी, त्याच शब्दांवर, थोड्या उंचावरून वेगळीच ओळ गात जातो. त्याला टेनर म्हणतात. सबनिसांच्या घरात नाव पडलं 'वरची ओळ'. आता जयंतीबाई मिरजेच्या. लग्नाआधी नऊ वर्षं गुरुजींसमोर बसून गाणं शिकलेल्या. तिथं गुरुजींच्या सुरापासून आपला सूर जरा हलला तर पुढचा आठवडा तंबोरा पुसण्यात जायचा. आणि इथं नवरा म्हणत होता, माझ्या सुरात येऊ नकोस! महिनाभर प्रयत्न झाला. हेमचंद्र चाल धरत आणि चौथ्या शब्दाला बायको इमानानं त्यांच्या सुरात येऊन मिळे.

शेवटी इंजिनीयर माणसानं इंजिनीयरसारखी युक्ती काढली. बेसमेंटमध्ये बसून त्यांनी नुसती वरची ओळ शिट्टीनं वाजवून कॅसेट भरली आणि मूळ चाल तिला दाखवलीच नाही. "हेच गाणं," म्हणाले. जयंतीबाईंनी भाजी चिरताना, डबे भरताना ती ऐकली आणि आठवड्यात पाठ केली. मग दोघं माइकसमोर उभे राहिले. नवरा भलतंच काहीतरी गातोय, आपण आपलं गाणं गावं, अशा समजुतीनं त्या ठाम उभ्या राहिल्या आणि वरची ओळ काचेसारखी स्वच्छ लागली.

पुढं सगळी गाणी अशीच बसली, सत्तर-पंचाहत्तर. सहा अल्बम निघाले. त्यातल्या एकाही गाण्याची मूळ चाल जयंतीबाईंनी कधी गायली नाही. कानावर हजारदा पडली असेल, पण गळ्यात उतरली नाही. एकट्या असताना त्या गुणगुणत तेही वरचंच.

टेक २

"नो वरीज, आई," नील म्हणाला. तो कॅलगरीहून शुक्रवारी आला होता आणि रविवारी संध्याकाळच्या विमानानं परत जाणार होता. "एकपर्यंत हॉल आपला आहे."

एकनंतर हॉल टर्की सपरसाठी, म्हणजे गावजेवणासाठी, लागणार होता. ऑलमॉन्टच्या पुढचं हे जुनं दगडी चर्च आता चर्च राहिलं नव्हतं, पण छत उंच होतं आणि आवाज छान घुमायचा. अकरा गाण्यांपैकी दहा शुक्रवार-शनिवारमध्ये झाली होती. राहिलेलं अकरावं म्हणजे 'लास्ट बोट इन नोव्हेंबर'. अल्बमचं नावही तेच ठेवलं होतं.

पुन्हा सुरू केलं. ह्या वेळी जयंतीबाई पहिली ओळ पार करून गेल्या. दुसरीही. तिसऱ्या ओळीला ईराची वरची ओळ जिना चढावी तशी चढली आणि तिच्यामागून जयंतीबाई चढल्या.

"आई, तू माझ्या मजल्यावर आलीस," ईरा हसून म्हणाली.

"तुझा कसला मजला? तेहतीस वर्षं मी राहत होते तिथं."

"आता मी टेनंट आहे. नोटीस दे आधी."

हे गाणं अल्बममध्ये असायलाच हवं, कारण

टेक ३

वाजवता वाजवता बँजोची तार तुटली.

हेमचंद्रांनी तार बदलायला घेतली. दहा मिनिटं लागणार होती, तेवढ्यात सांगून होईल.

हे एकच गाणं हेमचंद्रांनी स्वतः रचलेलं. नोव्हेंबरचा शेवट, नदी गोठायच्या आधीची शेवटची फेरीबोट निघून गेलेली, आणि काठावर उभ्या माणसाला आठवतं की आपले हातमोजे पलीकडच्या काठावर राहिले. बस, एवढंच गाणं. तीन कडवी हातमोज्यांवर. लोक पहिल्या कडव्याला हसत आणि तिसऱ्याला गप्प होत. तीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट ह्यानंच झाला, पण अल्बममध्ये कधी आलं नाही. दर वेळी हेमचंद्र म्हणायचे, अजून पिकलं नाही, पुढच्या वेळी.

एप्रिलमध्ये त्यांच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ आवाजाच्या नसेला चिकटून बसली होती. गाठ गेली, तिच्याबरोबर नसही गेली. आता ते बोलत ते वाऱ्यानं कागद फडफडावा तसं, तीन-चार शब्द, मग दम. जास्त बोलायचं झालं तर डॉलर स्टोअरमधल्या छोट्या पांढऱ्या फळ्यावर लिहायचे.

जयंतीबाई म्हणाल्या होत्या, आवाज येईपर्यंत थांबू. घाई काय आहे?

हेमचंद्रांनी फळ्यावर लिहिलं: "डॉक्टर आधी म्हणाला सहा महिने. मग म्हणाला बघू. मी चाळीस वर्षं क्लायंटला बघू म्हणालो आहे." मग पुसून पुढं लिहिलं: "तू गा. ईरा वर जाईल."

ईराला शिकवावंच लागलं नाही. आठव्या वर्षापासून आईच्या कुशीत उभी राहून तिनं ती ओळ ऐकली होती. जयंतीबाईंना मात्र एकाहत्तराव्या वर्षी नवऱ्यासमोर शिकवणीला बसावं लागलं. हेमचंद्र बँजोच्या एकाच तारेवर मूळ चाल एकेक सूर काढून दाखवायचे, त्या मागून म्हणायच्या. तीन आठवडे स्वयंपाकघरात हेच. आणि आली. एकट्या असताना अगदी बिनचूक आली.

पण जयंतीबाईंच्या मनात एक खुपत होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ही चाल आपल्या तोंडी पक्की बसली, की ते पुन्हा गाणार नाहीत हे आपणही कबूल केल्यासारखं होईल. गाणं नाही झालं तर त्यांचं एकमेव गाणं त्यांच्याबरोबरच जाईल. आणि झालं तर ते त्यांच्याशिवाय झालेलं असेल. दोन्हीकडून कात्री. म्हणून घसरताना आपण खरंच घसरतोय की पाय मुद्दाम सैल सोडतोय, हे त्यांचं त्यांनाच धड कळत नव्हतं.

तार लागली.

टेक ४

रद्द. पहिलं कडवं बरं चाललं होतं. दुसऱ्याच्या सुरुवातीला छपरावरून दक्षिणेकडे निघालेल्या हंसांचा भला मोठा थवा कलकलाट करत गेला. चौघं तोंड वर करून ऐकत राहिले.

"ते सुरात होते," नील म्हणाला.

"ते एकामागोमाग एक उडतात," जयंतीबाई म्हणाल्या. "वर-खाली नाही."

टेक ५

पुन्हा तिसरी ओळ. पुन्हा जिना.

टेक ५ नंतर

साडेअकरा वाजले होते. नीलनं थर्मासमधला चहा ओतला. ईरानं चिवड्याचा डबा उघडला, मग माइकजवळ कुरकुर नको म्हणून दाराशी नेऊन ठेवला.

"बाबा," नील म्हणाला, "आपण सेपरेट करू या का? आई आधी एकटी गाईल, हेडफोन लावून. ईरा नंतर. मी जोडून देतो. कुणाला कळणार नाही."

हेमचंद्रांनी मान हलवली. नाही.

"मग दुसरा उपाय काय?"

हेमचंद्र स्टुलावरून उठले. बायकोजवळ आले. दोन्ही हातांनी त्यांनी तिचं डोकं धरलं, न्हाव्यानं गिऱ्हाइकाचं धरावं तसं, आणि डावीकडे वळवलं, ईरापासून दूर. मग उजव्या कानाच्या भोकावर बोट ठेवून दाबलं.

"असं," ते म्हणाले. "असं गा."

जयंतीबाई तशाच उभ्या राहिल्या. मान वाकडी, कानावर नवऱ्याचं बोट. आणि त्यांच्या डोळ्यांपुढं सहाही अल्बमची कव्हरं एकापाठोपाठ एक आली. धान्याच्या कोठारासमोर, लाकडी पुलावर, कार्प गावच्या जत्रेत: प्रत्येक फोटोत हेमचंद्रांची मान अशीच डावीकडे कललेली, कित्येकदा बँजोवरचा हात उचलून उजव्या कानात बोट. ब्लूग्रासवाल्यांची ती ऐट, असंच त्या धरून चालल्या होत्या. भारतातून नातेवाईक आले की त्या सांगायच्या, ह्यांची स्टाइल आहे ती.

"अहो," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही मला ऐकत नव्हतात?"

हेमचंद्रांनी बोट काढलं. फळा घेतला. बराच वेळ लिहीत होते, मग वळवून दाखवला.

"ऐकलं असतं तर तुझ्या मागून वर आलो असतो. पहिल्या वर्षी दोनदा आलो. मग बंद केलं."

"काय बंद केलं?"

त्यांनी कानाकडे बोट दाखवलं.

"तेहतीस वर्षं?"

हेमचंद्र खांदे उडवून कसंनुसं हसले. त्या हसण्यात चोरी सापडल्याचा भाव होता.

ईरा आणि नीलनं एकमेकांकडे पाहिलं. "मी विंटर टायर्सच्या अपॉइंटमेंटचं बघतो," म्हणून नील फोन घेऊन बाहेर गेला. आज रविवार आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही. ईरा दाराशी चिवड्याजवळ जाऊन उभी राहिली.

"आणि मी म्हणत होते," जयंतीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "काय आमची जोडी जमते. लोक म्हणायचे तुमचे आवाज एकमेकांत मिसळतात. मिसळतात कसले? मी हेच माझं गाणं म्हणून गात होते आणि तुम्ही कान बंद करून तुमचं. एका छताखाली दोन संसार."

"जमत होतं… की," हेमचंद्र म्हणाले.

"लोकांना. आपल्याला कुठं?"

हेमचंद्र स्टुलावर परत बसले. त्यांनी फळा शर्टाच्या बाहीनं पुसला, आधीच कोरा असलेला भागसुद्धा. मग बँजो उचलून मूळ चाल एका तारेवर वाजवायला लागले, स्वयंपाकघरात वाजवायचे तशी. जयंतीबाई ऐकत राहिल्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "पुरे. येते मला. नीलला बोलवा."

टेक ६

जयंतीबाईंनी मान डावीकडे कलवली. उजव्या हातात गिटारच्या तारा छेडायचा पिक होता, म्हणून ईराकडचा कान कापसाच्या बोळ्यानं बंद केला होता. लाल दिवा लागला.

पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. ईराची ओळ कुठेतरी दूर, भिंतीपलीकडच्या रेडिओसारखी. जयंतीबाई मूळ चालीवरून रुळावरच्या डब्यासारख्या गेल्या. एकही सूर इकडचा तिकडे नाही. शेवटचा झणकार छतापर्यंत गेला, विरला. नीलनं पाच सेकंद थांबून दिवा बंद केला.

"दॅट्स इट!" तो ओरडला. "आई, परफेक्ट! बाबा, झालं!"

हेमचंद्रांनी बँजो मांडीवर ठेवला, दोन्ही हात वर केले.

बारा वाजून दहा मिनिटं. गाणं झालं होतं. ठरवलं होतं तसं, वेळेच्या आधी. जयंतीबाईंनी कानातला बोळा काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि स्वेटरच्या खिशात टाकला.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या.

"आई, व्हाय?"

"मला कळलंच नाही ईरा काय गायली ते."

"मी नीट गायले," ईरा म्हणाली.

"गायली असशील गं. म्हणूनच ऐकायचंय."

"आई, नीट गायचं असेल तर ऐकू नये असं आत्ताच ठरलं ना?"

"ते ह्यांचं ठरलं," जयंतीबाई म्हणाल्या. "माझं नाही."

हेमचंद्र स्टुलावरून त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी नुसता बँजो पुन्हा सरळ धरला.

टेक ७

ह्या वेळी त्या ईराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. माइक मधे, अलीकडे आई, पलीकडे मुलगी, दोघींच्या मधे वीतभर अंतर.

पहिल्या ओळीतच ती ओळ वरून आली. जयंतीबाईंना वाटलं होतं ती ओळखीची वाटेल. वाटली नाही. गाताना ती त्यांना सरळ, साधी, एकटी वाटायची. खालून ऐकताना ती अंगावर येत होती. हात धरून ओढणाऱ्या पोरासारखी दर शब्दाला म्हणत होती, वर ये, वर ये. आणि त्या जात नव्हत्या. बहिऱ्या होऊन नव्हे, ऐकून जात नव्हत्या. पायाखालची जमीन पायानं चाचपावी तशी त्यांनी मूळ चाल चाचपली. ती होती. दोन सुरांच्या मधे, कुणीही न गायलेलं असं काहीतरी थरथरत उभं होतं. वरून त्यांना ते कधी ऐकू आलं नव्हतं.

दुसरं कडवं पार पडलं.

तिसऱ्या कडव्यात, हातमोज्यांच्या ओळीवर, ईरा चढली आणि जयंतीबाई तिच्याबरोबर गेल्या. पूर्ण शब्दभर दोघी एकाच सुरावर. नीलचे डोळे विस्फारले. जयंतीबाई थांबल्या नाहीत. पुढच्या शब्दाला त्या एकेक पायरी उतरून आपल्या जागी आल्या, ईराच्या डोळ्यांत बघत, आणि ईराचं हसू गाता गाता तिच्या सुरात मिसळलं. गाणं शेवटाला गेलं.

पाच सेकंद. दिवा बंद.

"ओके," नील म्हणाला. "सिक्स परफेक्ट आहे. सेव्हनमध्ये ती एक जागा गेली, पण… आय डोन्ट नो. बाबा? तुम्ही सांगा. तुमचं गाणं आहे."

हेमचंद्रांनी बँजो मांडीवर आडवा ठेवला. ते ईराकडे बघत होते, आणि मग जयंतीबाईंकडे, आणि पुन्हा ईराकडे.

"सात," ते म्हणाले.

"पण थर्ड व्हर्समध्ये चूक आहे, बाबा."

"कुठं?"

"ग्लव्हजवर. इट्स प्रिटी ऑब्व्हियस."

हेमचंद्रांनी भुवया उंचावल्या. खरंच माहीत नव्हतं त्यांना. सत्तरीचा कान, पंचेचाळीस वर्षांचा बँजो, स्वतः रचलेलं गाणं, आणि शब्दभराची चूक समोर घडून त्यांना कळली नव्हती.

"अहो, धडधडीत चुकले मी," जयंतीबाई म्हणाल्या. "तुमच्या नाकासमोर. झोप लागली होती का?"

"लक्ष नव्हतं." त्यांनी श्वास घेतला. "लक्ष… वर होतं."

बाहेर पार्किंगमध्ये गाड्यांची दारं लागत होती. टेबलं मांडायला माणसं यायला लागली होती.

"कशी आहे वरची ओळ?" जयंतीबाईंनी विचारलं.

हेमचंद्रांनी फळा घेतला, पेनाचं टोपण काढलं, काही लिहायच्या आधीच लावलं. तोंडानंच सांगायचं ठरवलं असावं. सावकाश, दम घेत घेत म्हणाले:

"फार… छान आहे गं. आणि तू ती… रोज गायचीस?"

"रोज," जयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी गिटार गळ्यातून काढली आणि नीलला सांगितलं, "सात ठेव. आणि सामान आवरायच्या आधी एकदा ह्यांना ऐकव. बोटं कानापासून लांब ठेवायला सांग."